थोरलीचं मेण

"आ करा," मी म्हणालो. बाबांनी आ केला.

ऐंशी वर्षांचं तोंड आतून कसं दिसतं हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी ते ठाऊक करून घेण्याच्या भानगडीत पडू नये. वरच्या हिरडीला पुढे एकही दात नाही. मागे तीन काळपट खुंट, त्यांच्या मुळाशी कालपरवाचं काहीतरी अडकलेलं. मी हातमोजे घातले होते, नाकावर फडकं बांधलं होतं, तरी श्वास रोखून धरला होता. तिसरी कवळी त्यांच्या हिरडीवर दाबून बसवली आणि दोन पावलं मागे सरलो.

बसली का, म्हणून विचारलं. बाबांनी मान हलवली, खिशातून मोरचंग काढला आणि कवळीच्या पुढच्या दातांवर टेकवून बोटाने छेडला. डब्यात खिळा हलावा तसा आवाज आला. त्यांनी पुन्हा छेडला, ओठ आवळले, मान तिरकी केली. पुन्हा खिळाच.

"ही पण मुकी," बाबा म्हणाले. कवळी तोंडातून ओढून काढली आणि लाळेच्या तारेसकट माझ्या टेबलावर ठेवली, नेमकी दोन धुतलेल्या साच्यांच्या मधे.

मोरचंग ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तळहातात मावेल एवढी लोखंडी कडी, तिला पुढे दोन दांड्या आणि दांड्यांच्या मधून गेलेलं पोलादाचं पातळ पातं. दांड्या दातांवर टेकवायच्या, पात्याचं वाकवलेलं टोक बोटाने छेडायचं आणि सूर तोंडाच्या पोकळीत घोळवायचा. वाद्य म्हणून हातात असतं ते अर्धंच, उरलेलं अर्धं म्हणजे वाजवणाऱ्याचं डोकं. खरे दात हाडात रुजलेले असतात. त्यातून थरथर जबड्यात जाते, जबड्यातून कवटीत, आणि कानाला ती आतल्या बाजूने ऐकू येते. बाबांनी साठ वर्षं मोरचंग घडवले ते असे आतून ऐकून. कवळी हिरडीवर नुसती बसलेली असते, पाहुण्यासारखी. तिला हाडाशी देणंघेणं नसतं. हे मला पहिल्या कवळीलाच कळलं होतं. तरी मी आणखी दोन बनवल्या, कारण बाबांना तसं तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती.

मी दातांचा डॉक्टर नाही. लोक मला डॉक्टर म्हणतात, मी दर वेळी त्यांची चूक दुरुस्त करतो. डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे घेतात आणि माझ्याकडे पाठवतात. मी ते औषधाच्या पाण्यात बुडवतो, त्यात प्लास्टर ओततो, त्यावर गुलाबी मेणाची हिरडी घडवतो, दात मांडतो. माणसाचं तोंड माझ्यापर्यंत येतं तेव्हा ते कोरडं, पांढरं आणि बिनवासाचं असतं. म्हणूनच हा धंदा धरला. घरात ज्या गोष्टीचा वीट आला, तीच धुऊनपुसून पोटापाण्याला लावली असं म्हणा हवं तर.

कारण माझं लहानपण थुंकीत गेलं. बाबांचा मोरचंग कुणाला नुसता उचलून नेता येत नसे. घेणाऱ्याने समोर बसायचं. आधी बाबा वाजवणार, मग तो वाजवणार, मग बाबा पातं जरासं घासणार, स्वतःच्या तोंडात घालणार, पुन्हा त्याच्या तोंडात देणार. दहा वेळा, पंधरा वेळा, कधी दुपारभर. तोंडातोंडांतून फिरून फिरून तो मोरचंग त्या माणसाच्या जबड्याचा व्हायचा. आणि मधे पुसायचा नाही. फडक्याचा धागा फटीत अडकतो, असं बाबा सांगायचे. पण खरं कारण ते नसावं. ज्याला माझं उष्टं चालत नाही त्याच्यासाठी मी काय घडवू, असं एकदा ते आईला म्हणाले होते, आणि तेव्हा त्यांच्या हनुवटीवर कुण्या गिऱ्हाइकाची लाळ चकाकत होती.

चौदा वर्षांचा होतो. ओठावर फोड आलेलं एक गिऱ्हाईक समोर बसलं होतं. त्याच्या तोंडातून निघालेला मोरचंग बाबांनी सरळ माझ्यापुढे धरला, "ऐक, कसा लागलाय." मी तो दातांवर टेकवला. कोमट होता. पुढच्या क्षणी मी ऐरणीवर ओकलो. गिऱ्हाईक हसलं, बाबा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांनी राख टाकून ऐरण साफ केली आणि त्यानंतर एक्केचाळीस वर्षांत मला कधीही मोरचंग दिला नाही. मी भट्टीच्या भिंतीला भिंत लावून माझी खोली बांधली, तिला फरशी लावली, दोन नळ बसवले. मधल्या दाराला कडी माझ्या बाजूने आहे.

त्या दिवशी कवळीची एवढी घाई चालली होती, कारण धाकटी यायची होती.

थोरली आणि धाकटी या दोघी बहिणी. मोरचंग ऐकणाऱ्या लोकांत त्यांना दुसऱ्या नावाची गरज पडली नाही. चाळीस वर्षं दोघी शेजारी बसून वाजवायच्या. थोरली नेहमी धाकटीच्या डाव्या हाताला. बाबांनी दोघींचे मोरचंग एकाच पोलादातून घडवले होते, जवळजवळ एकाच सुराचे. जवळजवळ. तेवढा जो केसभर फरक राहायचा, त्याने दोन्ही सूर एकमेकांवर घासायचे आणि मधे एक लाट उठायची. सावकाश वर जाणारी, सावकाश खाली येणारी. दोघींच्या मधे तिसरं कुणी बसून श्वास घेतंय असं वाटायचं. लोक ती लाट ऐकायला यायचे. मीही ऐकली आहे, लांबून. लांबून ऐकायला मोरचंग चांगलाच आहे.

अकराच्या सुमाराला धाकटी आली. सत्तरीची, काटकुळी, हातात पिशवी आणि एक झाकणाचा डबा. तिच्या गालात तंबाखू होती. बोलायच्या आधी ती डब्यात थुंकली, झाकण लावलं आणि डबा माझ्या टेबलावर ठेवला. दात कोळशासारखे काळे, पण सगळे जागच्या जागी आणि घट्ट. धंदा म्हणून मला त्या दातांचा हेवा वाटला आणि माणूस म्हणून शिसारी आली.

"मिस्त्री, थोरली गेली," ती बाबांना म्हणाली.

बाबांना निरोप मिळालाच होता. ते नुसते खाली बसले. तीही बसली. दीड महिना झाला, असं तिने सांगितलं. नंतर आठवड्याने तिने स्वतःचा मोरचंग बाहेर काढला आणि पहिल्याच छेडीला पातं मोडलं. जोरात नव्हतं छेडलं, हे ती दोनदा म्हणाली. येत्या परवा त्यांचं वाजवणं ठरलेलं होतं. थोरलीच्या जागी थोरलीची मुलगी बसणार होती, आईचाच मोरचंग घेऊन. मुलीला नोकरीतून सुट्टी मिळाली नाही म्हणून धाकटी एकटीच आली होती. आता धाकटीला नवा मोरचंग हवा होता, थोरलीच्या मोरचंगाशी जुळणारा. पाचची बस तिला गाठायची होती.

तिने पिशवीतून रुमालाची घडी काढली. आत थोरलीचा मोरचंग. दांड्यांवर तपकिरी, वाळलेला थर. पात्याच्या टोकाशी मळाचा एक काळा, मसुराएवढा गोळा. मी पाहिलं आणि खिडकी उघडायला उठलो.

"पुसू नका हं," ती म्हणाली. "तिनं शेवटचं वाजवलं तसाच आहे."

बाबांनी धाकटीसाठी नवा मोरचंग घडवून ठेवलाच होता, जुन्या मापाने. फक्त सूर जुळवायचा बाकी. त्यांनी कवळी पुन्हा तोंडात बसवली, थोरलीचा मोरचंग दोन्ही हातांनी घेतला, कवळीवर टेकवला आणि छेडला. डब्यातला खिळा. त्यांनी डोळे मिटून ऐकण्याचा आव आणला. बाबांना आव आणताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते त्यांना मुळीच जमत नव्हतं. धाकटीने त्यांच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि मग खिडकीबाहेर बघत राहिली. जरा वेळ लागेल, तू दोन घास खा, पड जरा, असं बाबांनी तिला सांगितलं. माझी बायको तिला वर घेऊन गेली.

मग बाबा माझ्याकडे वळले.

"तुझे दात लागतील मला."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी समजावून सांगितलं. थोरलीचा मोरचंग मी वाजवायचा, धाकटी नवा वाजवेल, ते माझ्या जबड्याला बोटं लावून थरथर पकडतील आणि पातं घासतील. घरात दुसरं कुणी नाही. माझ्या बायकोचे पुढचे दोन दात मीच बनवलेले, म्हणजे खोटे. हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, टेबलावरच्या साच्यांकडे पाहत होते. एक्केचाळीस वर्षांनी त्यांनी शब्द टाकला होता आणि मला नाही म्हणता आलं नाही. बरं म्हणालो. फक्त आधी जरा माझ्याकडे द्या, एकट्याने हात बसवून बघतो, असं सांगितलं.

"पुसू नकोस," ते म्हणाले.

मी पुसला नाही. मी उकळला.

माझ्याकडे अवजारं उकळायचं एक स्टीलचं भांडं आहे. मेण कोरायच्या सुऱ्या त्यात दिवसातून दोनदा जातात. त्या सुऱ्यांच्या शेजारी मी थोरलीचा मोरचंग चिमट्याने सोडला, झाकण लावलं आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं बाजूला बसलो. मला अगदी हलकं वाटत होतं. पोलाद एवढ्या उष्णतेने बिघडत नाही, हे मला ठाऊक होतं. थोरलीची थुंकी तिच्या बहिणीला जपायची असेल, पण ती माझ्या तोंडात जायचं काही कारण नव्हतं, आणि थुंकी गेली तर सुराला काय होणार? मी स्वतःवर खूश होतो. कुणाला न दुखवता मार्ग काढला असं वाटत होतं.

मोरचंग बाहेर काढला तेव्हा तो लखलखीत होता. गार झाल्यावर मधलं दार उघडून बाबांकडे गेलो. त्यांनी हातात घेतला, अंगठा पात्याच्या टोकावरून फिरवला, परत फिरवला.

"मेण कुठंय?"

कसलं मेण, असं मी विचारलं. विचारताना मला कळायला लागलं होतं.

तो मळ नव्हता. वय वाढलं तसा थोरलीचा आवाज खाली गेला आणि तिला मोरचंगही खाली हवा झाला. पात्याच्या टोकाला मेण लावलं की टोक जड होतं, सूर उतरतो. दर दोनेक वर्षांनी तिने कणभर मेण चढवलं होतं, स्वतः, घरी बसून, आणि धाकटीने आपला मोरचंग तिच्या मागोमाग तसाच उतरवला होता. किती, ते बाबांना माहीत नव्हतं. मोरचंग बाबांनी घडवला होता, पण गेल्या वीस वर्षांतला त्याचा सूर थोरलीने घडवला होता, आणि त्याचा पुरावा म्हणजे तो मसुराएवढा गोळा. मी आयुष्यभर मेणात हात घालून बसलेला माणूस. जगात दुसरं काही ओळखू आलं नाही तरी मेण मला ओळखू यायला हवं होतं. आलं नाही, कारण त्यावर कुणाची तरी थुंकी होती.

"तू थोरलीचा आवाज उकळलास," बाबा म्हणाले. ओरडून नाही. मला माझीच किळस आली, आणि ती मोजे घालून दूर ठेवता येणारी नव्हती.

मी धावत खोलीत गेलो. पाणी निवलं होतं आणि त्यावर मेणाचा पातळ पापुद्रा तरंगत होता. क्षणभर जीव भांड्यात पडला. पापुद्रा सगळा गोळा केला की तेवढंच मेण, परत टोकाला लावलं की तोच सूर. मी सुरीच्या पात्याने एकेक तुकडा उचलला, काठाला चिकटलेला कणही सोडला नाही. काचेवर गोळा केला आणि उजेडात धरला. तपकिरी नव्हता. गुलाबी झाक होती. माझ्या सुऱ्यांना चिकटलेलं कवळ्यांचं मेण त्याच पाण्यात वितळलं होतं आणि थोरलीच्या मेणात मिसळलं होतं. किती माझं, किती तिचं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

धाकटीला मीच सांगितलं. बाबा सांगणार होते, मी त्यांना थांबवलं. तेवढी तरी लाज शिल्लक होती. ती जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होती. मी स्वच्छतेबद्दल काहीतरी बोललो, जंतूंबद्दल बोललो, मग माझं मलाच ऐकवेना. तिने हात पुढे केला. मोरचंग नाकाशी नेला, हुंगला, आणि तिचं तोंड वाईट झालं. माझं तिचा डबा पाहून झालं होतं तसंच.

"शी," ती म्हणाली. "हे कुणाच्याच तोंडातलं नाही आता."

वर बायकोने भांडं आपटल्याचा आवाज आला. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजून गेले होते. धाकटी उठली, नळावर जाऊन चूळ भरली आणि बाबांच्या भट्टीसमोर, गिऱ्हाइकाच्या जागी जाऊन बसली. तिच्या डाव्या हाताला तिने एक स्टूल ओढलं आणि त्यावर थाप मारली.

"डॉक्टर, इथं बसा."

डॉक्टर नाही, असं या वेळी मी म्हटलं नाही. मेण तीच का लावून बघत नाही, असं मात्र विचारलं. सूर तिला पाठ असणार, मी मधे कशाला? ती म्हणाली, थोरलीचा मोरचंग तिने एकदाही तोंडात धरलेला नाही. चाळीस वर्षं तो तिने डावीकडून ऐकला. दुसऱ्याच्या तोंडातून आला तरच तो तिला ओळखू येईल, स्वतःच्या तोंडात घातला तर नाही. म्हणजे मला सुटका नव्हती.

मी काचेवरचं मेण स्पिरिटच्या दिव्यावर मऊ केलं आणि सुरीने पात्याच्या टोकाला लावलं, कवळीचं लावतो तसं, सफाईने. मोरचंग दातांवर टेकवला, छेडला. मेणाचा कपचा उडून भट्टीत पडला. पुन्हा लावलं, पुन्हा उडालं. कवळीचं मेण कडक असतं. त्याला थरथर सोसत नाही. तिसऱ्यांदा उडालं तेव्हा धाकटीने माझ्या हातातली काच घेतली, उरलेलं मेण बोटाने गोळा करून तोंडात टाकलं आणि चघळायला लागली.

ती चघळत होती आणि मी पाहत होतो. पाहायचं नव्हतं, पण नजर हलत नव्हती. मिनिटभराने तिने ते बोटावर काढलं. काळपट, ओलं, मऊ, लाळेत घोळलेलं.

"तिचंच आहे. थोडं तुमचं आहे," ती म्हणाली. "लावा."

मोजे मी खोलीत ठेवून आलो होतो. मी ते बोटांनी घेतलं. कोमट होतं. पात्याच्या टोकावर अंगठ्याने दाबलं आणि ते असं चिकटलं, जणू कुठे गेलंच नव्हतं.

त्यानंतर जे झालं ते मी नीट सांगू शकत नाही, कारण त्यातला बराच वेळ मी ओकारी आवरण्यात घालवला. नव्याचं पातं धाकटीने आधीच, आठवणीतल्या सुरावर, बाबांकडून घासून घेतलं होतं; आता मी थोरलीचा वाजवत होतो, ती नवा वाजवत होती. बाबांनी माझ्या मागे उभं राहून दोन बोटं माझ्या जबड्यावर आणि अंगठा कानामागच्या हाडावर रोवला होता. त्यांच्या हाताला तेलाचा आणि गंजाचा वास येत होता. धाकटी "खाली" म्हणाली की मोरचंग माझ्या तोंडातून तिच्या हातात, तिच्या तोंडातलं मेण त्यावर, आणि परत माझ्या दातांवर. "जास्त झालं" म्हटलं की ती नखाने कण काढून घेई आणि परत तोंडात ठेवी. पाचव्या वेळी तिने टोक सरळ स्वतःच्या ओठांत धरून मेण मऊ केलं आणि तसाच ओला मोरचंग मला दिला. तंबाखूची कडवट चव माझ्या जिभेवर उतरली. मी मान खाली घातली, दोन्ही गुडघे घट्ट धरले, डोळ्यांतून पाणी आलं. बाबांचा अंगठा कानामागे होता तिथेच राहिला. मी मान वर केली आणि छेडलं.

लहानपणी शिकलेला हात अजून चालत होता, हे मला अजिबात नको असलेलं सुख होतं. आणि आठव्या किंवा नवव्या वेळी मला ते ऐकू आलं. कानाने नाही. माझा सूर आणि तिचा सूर माझ्या कवटीत एकमेकांवर घासले आणि मधे लाट उठली, वर गेली, खाली आली. घाईची होती, धापा टाकल्यासारखी. ती नखाने मेण काढत गेली, कण कण, तसतशी लाट सावकाश होत गेली. एकदा धाकटीचा रिकामा हात डावीकडे आला, माझ्या गुडघ्यावर बसला, आणि मी कोण ते लक्षात येऊन परत गेला.

"झालं," ती म्हणाली.

"नाही झालं," बाबा म्हणाले. "अजून कणभर घाई आहे. एक कण काढ, लागतोय बघ."

बाबांचं बरोबर होतं. मला हाडात कळत होतं. चार वाजून गेले होते, पण आणखी एका कणाला वेळ होता. धाकटीने थोरलीचा मोरचंग माझ्या हातातून घेतला आणि त्याच्या टोकाकडे बघत राहिली.

"असू दे, मिस्त्री," ती म्हणाली. "ती गेलीय. एवढा फरक राहू दे."

बाबांनी माझ्या जबड्यावरचा हात काढला.

तिने रुमाल पसरला आणि मोरचंग त्यात ठेवला, ओलाच. दांड्यांवर माझी लाळ होती. परवा हा तिच्या भाचीच्या तोंडात जाणार होता. मी म्हणालो, पुसून देतो, निदान माझं तरी पुसतो. तिने घडी घातली आणि गाठ मारली.

"कशाला? आता कुणाचं तरी आहे ना त्याच्यावर."

ती पाचच्या बसने गेली. थुंकीचा डबा माझ्या टेबलावर विसरून गेली. तो मी चिमट्याने उचलून बाहेर ठेवला. मग नळाशी उभा राहून सात वेळा चूळ भरली, दोनदा दात घासले. लोखंडाची चव गेली नाही. बायकोने चहा पुढे केला तर तोही लोखंडासारखा लागला. बाबा जेवले नाहीत. त्यांनी तिसरी कवळी फडक्यात गुंडाळून माझ्या टेबलावर आणून ठेवली, आता नको म्हणाले. जेवायला तरी वापरा, असं मी सांगितलं. जेवायला खुंट पुरतात, असं उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साच्यांवर मेण चढवत बसलो होतो. गुलाबी, स्वच्छ, बिनवासाचं. मधल्या दारावर टकटक झाली. बाबांनी हे दार कधी वाजवलं नव्हतं. कडी काढली. ते उंबऱ्याच्या पलीकडे उभे होते, हातात एक नवा मोरचंग, अजून सूर न लावलेला. पात्यावर ओल होती. दात नसलेल्या तोंडात धरून बघितला असणार.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खाली पाहिलं, सदऱ्याचं टोक ओढलं आणि मोरचंग पुसला. दांड्या पुसल्या, पात्याची फट पुसली, एक धागा अडकला तो नखाने काढला. साठ वर्षांत त्यांनी एकही मोरचंग पुसला नव्हता. पुसून माझ्यापुढे धरला.

"बघ बरं," ते म्हणाले.

सदरा मोरचंगाहून कळकट होता, दोन दिवसांच्या घामाचा. मी हातातली सुरी खाली ठेवली, मोजे काढले, आणि मोरचंग दातांवर टेकवला.